तुटलं की थांबलं?

रात्री दोनच्या सुमारास एखादा सर्व्हर नेटवर्कवरून अर्धा मिनिट गायब होतो आणि कुणी हात न लावता परत येतो. अशी नोंद चार-पाच रात्री सलग दिसली की तपास ठरलेल्या वाटेने जातो. नेटवर्क सांभाळणारे केबल बदलून पाहतात, स्विचचा पोर्ट बदलतात, पोर्टवरच्या चुकांचे आकडे तपासतात; ते शून्य निघतात. सर्व्हर सांभाळणारे लॉग उघडतात. तिथे ‘संपर्क तुटला’ एवढंच लिहिलेलं असतं. पुढे कुणाच्या तरी ध्यानात येतं की रोजचा बॅकअप त्याच सुमारास चालतो, आणि निदान ठरून जातं: बॅकअपचा डेटा एवढा असतो की नेटवर्क भरून जातं. हे निदान पटण्यासारखं आहे आणि कधी कधी बरोबरही असतं. पण व्हर्च्युअल मशीनच्या बाबतीत ते पहिलं निदान असू नये, असं मला या प्रकरणात मांडायचं आहे. बॅकअपच्या वेळी व्हर्च्युअल मशीनचा संपर्क जातो तेव्हा बहुतेकदा वाट शाबूत असते. वाटेच्या टोकाला असलेलं मशीनच काही क्षण थांबवलेलं असतं. तुटणं आणि थांबणं बाहेरून सारखंच दिसतं, कारण दोन्ही वेळी उत्तर येत नाही. हा फरक केबल तपासून कळत नाही. तो कळतो वेळेवरून: संपर्क नेमका कधी गेला, किती सेकंद गेला, आणि त्याच क्षणी आणखी कुणाकुणाचा गेला.

मशीन थांबतं म्हणजे काय, हे आधी समजून घ्यायला हवं. टेबलाखाली ठेवलेला खरा सर्व्हर एक तर चालू असतो, नाही तर बंद. व्हर्च्युअल मशीनला तिसरी अवस्था असते. ते ज्या होस्टवर चालतं तो होस्ट त्याचा प्रोसेसर हवा तेव्हा काढून घेऊ शकतो आणि हवा तेव्हा परत देऊ शकतो, आणि मधला काळ त्या मशीनच्या लेखी घडलेलाच नसतो. ही काही आजच्या सॉफ्टवेअरमधली उणीव नाही. आयबीएमने १९६०च्या दशकात सीपी-४० आणि सीपी-६७ या प्रणालींतून व्हर्च्युअल मशीन प्रत्यक्षात आणली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आणलं. त्यानंतर १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एका शोधनिबंधात व्हर्च्युअल मशीनची काटेकोर व्याख्या केली. व्हर्च्युअल मशीनवर चालणारा प्रोग्राम खऱ्या मशीनवर चालल्यासारखाच चालला पाहिजे, ही त्यांची पहिली अट. पण या अटीला त्यांनी तिथेच अपवाद जोडला: उपलब्ध साधनसामग्रीतला फरक आणि वेळेशी संबंधित फरक सोडून. म्हणजे उत्तर तेच येईल याची हमी आहे, ते कधी येईल याची नाही. पन्नास वर्षांपूर्वी सोडलेली ही फट आजही तशीच आहे. नेटवर्क मात्र वेळेवरच चालतं. अमुक सेकंदांत उत्तर आलं नाही तर समोरचा गेला, असं धरून चालणं हा त्याचा पाया आहे. वेळेची हमी नसलेलं मशीन आणि वेळेवरच भरवसा ठेवणारं नेटवर्क एकमेकांना जोडलेली असतात, आणि त्या जोडावर सगळ्यांत जास्त ताण बॅकअपच्या वेळी येतो.

तो ताण येतो स्नॅपशॉटमुळे. चालू मशीनची डिस्क सतत बदलत असते. बदलत्या डिस्कची प्रत काढत बसलो तर सुरुवातीचा भाग दोन वाजताचा आणि शेवटचा भाग चार वाजताचा अशी विसंगत प्रत हाती येते. म्हणून बॅकअपचं सॉफ्टवेअर आधी स्नॅपशॉट घेतं. व्हीएमवेअरच्या पद्धतीत या क्षणी मूळ डिस्क गोठवली जाते आणि त्यापुढचं सगळं लिखाण एका वेगळ्या फाइलमध्ये जाऊ लागतं. दुकानाची मुख्य वही हिशेबनिसाकडे तपासणीला गेली की तेवढ्या दिवसांचे व्यवहार कच्च्या वहीत लिहितात आणि मुख्य वही परत आली की ते पक्क्यात उतरवतात, तसाच हा प्रकार. कच्ची वही उघडताना मशीन क्षणभर थांबवावं लागतं. त्याआधी मशीनच्या आतल्या डेटाबेसलाही हात आवरता घ्यायला सांगावं लागतं. विंडोजमध्ये हे काम व्हीएसएस नावाची सेवा करते. तिथे प्रोग्रामने आपलं लिखाण जास्तीत जास्त ६० सेकंद आवरून धरावं आणि डिस्कवरचं लिखाण जास्तीत जास्त १० सेकंद रोखलं जावं, अशा मर्यादा ठरलेल्या आहेत. लिनक्स मशीनमध्ये आत बसवलेला एजंट फाइल सिस्टिम गोठवतो आणि पुन्हा मोकळी करतो. इथवरचा थांबा सहसा छोटा असतो, आणि बॅकअपवर संशय घेणारे लोकही याच क्षणाकडे पाहत असतात, कारण वेळापत्रकात तीच वेळ लिहिलेली असते.

खरी अडचण बॅकअपच्या शेवटी येते, आणि ती वेळ कुठल्याही वेळापत्रकात नसते. प्रत काढून झाली की कच्च्या वहीतलं सगळं पक्क्यात उतरवायचं असतं. पण मशीन तर चालूच आहे, ते लिहीतच आहे. जुन्या पद्धतीत यासाठी आणखी एक मदतनीस फाइल उघडली जायची: पहिली फाइल मूळ डिस्कमध्ये मिसळेपर्यंत नवं लिखाण दुसरीत, मग दुसरी मिसळेपर्यंत तिसरीत. प्रत्येक फेरीत उरलेला भाग लहान होत जावा आणि शेवटचा तुकडा इतका छोटा असावा की मशीन क्षणभर थांबवून तो मिसळता येईल, ही त्यामागची अपेक्षा. मशीन शांत असेल तर हे सुरळीत पार पडतं. मशीन लिहितंय जोरात आणि स्टोरेज थकलेलं, अशी स्थिती असेल तर उरलेला तुकडा लहान होतच नाही, आणि शेवटचा थांबा काही सेकंदांचा, कधी त्याहून बराच मोठा होतो. व्हीएमवेअरने २०१५ मध्ये आलेल्या व्हीस्फिअर ६.० मध्ये ही पद्धत बदलली. आता नवं लिखाण एकाच वेळी दोन्हीकडे केलं जातं, त्यामुळे पाठलाग करत फेऱ्या माराव्या लागत नाहीत. थांबा खूप कमी झाला, पण शून्य झाला नाही, आणि मंद स्टोरेजवर तो अजूनही जाणवण्याइतका असतो. म्हणून दोन वाजता सुरू होणाऱ्या बॅकअपमुळे संपर्क दोन वाजून सतरा मिनिटांनी जातो, उद्या दोन वाजून एकवीस मिनिटांनी, आणि महिनाअखेरीला डेटा जास्त बदललेला असतो तेव्हा पावणेतीनला. वेळ सरकते म्हणून बॅकअपशी संबंध नाही, असं काही जण ठरवून टाकतात. वास्तविक ती बॅकअपच्या समाप्तीबरोबर सरकत असते, आणि संबंध याच सरकण्यातून सिद्ध होतो.

व्हीएमवेअरच्या जगातलं एक उदाहरण या सगळ्या युक्तिवादाला भक्कम आधार देतं, म्हणून ते जरा सविस्तर पाहू. बॅकअप घेणारं मशीन अनेकदा स्वतःही व्हर्च्युअल असतं. डेटा नेटवर्कवरून ओढण्याऐवजी ते मूळ मशीनची गोठवलेली डिस्क थेट स्वतःला जोडून घेतं आणि वाचतं. हा मार्ग वेगवान असल्यामुळे लोकप्रिय आहे. आता मूळ मशीन एका होस्टवर, बॅकअपचं मशीन दुसऱ्या होस्टवर आणि डिस्क एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीवर चालणाऱ्या स्टोरेजवर, अशी मांडणी असेल तर डिस्क परत सोडताना कुलूप कुणाकडे आहे यावरून दोन होस्टमध्ये खोळंबा होतो. त्या काळात मूळ मशीन साधारण ३० सेकंद थांबून राहतं. व्हीएमवेअरच्या स्वतःच्या तांत्रिक नोंदींत ही अडचण दिलेली आहे. तिथे सुचवलेले उपाय बघा: बॅकअपचं मशीन त्याच होस्टवर ठेवा, किंवा डिस्क थेट जोडण्याऐवजी डेटा नेटवर्कवरून वाचा. दुसऱ्या उपायात नेटवर्कवरचा बोजा वाढतो आणि संपर्क जाणं बंद होतं. नेटवर्क भरल्यामुळे संपर्क जातो, हे निदान खरं असतं तर या उपायाने दुखणं बळावायला हवं होतं.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. मशीन थांबलं असं तुम्ही म्हणता, पण पिंगला उत्तर आलं नाही, म्हणजे पॅकेट हरवलं, म्हणजे नेटवर्कच गेलं. इथे पिंग जरा निरखून पाहायला हवा. लिनक्सवरचा पिंग दर सेकंदाला एक पॅकेट पाठवतो आणि मागच्याचं उत्तर आलं नाही तरी पुढचं पाठवत राहतो. समोरचं मशीन सहा सेकंद थांबलेलं असेल आणि होस्टने त्याच्यासाठी आलेली पॅकेट रांगेत राखून ठेवली असतील, तर मशीन जागं होताच ते सगळ्यांना एकदम उत्तर देतं. पडद्यावर आकडे उतरतात ते असे: सहा हजार मिलिसेकंदांच्या आसपास, मग पाच हजार, चार, तीन, दोन, एक हजार, आणि त्यानंतर पुन्हा नेहमीचा अर्धा मिलिसेकंद. हा उतरता जिना दिसला की काहीही तुटलेलं नव्हतं याची जवळजवळ खात्री बाळगावी. तुटलेल्या वाटेवरचं पॅकेट सहा सेकंदांनी परत येत नाही. ते येतच नाही. उलट बाजू मात्र सिद्ध होत नाही. रांग भरली किंवा होस्टने रांग ठेवलीच नाही तर थांबलेल्या मशीनकडे जाणारी पॅकेटही हरवतात, त्यामुळे जिना दिसला नाही म्हणून थांबा नव्हता असं म्हणता येत नाही. शिवाय विंडोजवरचा पिंग एका उत्तरासाठी चार सेकंद वाट पाहून ‘वेळ संपली’ असं लिहितो आणि मगच पुढचं पॅकेट पाठवतो, त्यामुळे जिना तिथे दिसतच नाही. बऱ्याच कार्यालयांत पाहणी विंडोजच्या पिंगवरून होते, आणि सगळ्यांत बोलका पुरावा त्यामुळे नजरेआड राहतो.

दुसरा पुरावा होस्टच्या लॉगमध्ये असतो. व्हीएमवेअरमध्ये प्रत्येक व्हर्च्युअल मशीनच्या फाइलींशेजारी त्याचा स्वतःचा लॉग असतो. मशीन थांबवून पुन्हा चालू केलं की त्यात ‘चेकपॉइंट अनस्टन’ अशी ओळ पडते आणि मशीन किती वेळ थांबलं होतं तो आकडा मायक्रोसेकंदांत लिहिलेला असतो. समजा तिथे १,४२,३५,८७१ असं दिसलं, तर मशीन सव्वाचौदा सेकंद थांबलं होतं. आकडा लांबलचक असल्यामुळे आणि एकक सूक्ष्म असल्यामुळे घाईत वाचणाऱ्याला तो किरकोळ वाटू शकतो. आणखी एक गोष्ट भारतातल्या वाचकाने मनाशी पक्की धरायला हवी. या होस्टचे लॉग यूटीसी वेळेत लिहिले जातात. आपल्या घड्याळात मंगळवारी पहाटे दोन वाजून सतरा मिनिटांनी घडलेली घटना तिथे सोमवारी रात्री आठ वाजून सत्तेचाळीस मिनिटांवर सापडते. मंगळवारच्या तारखेखाली दोनच्या आसपास शोधणाऱ्याला काहीच मिळत नाही, आणि होस्टचा लॉग स्वच्छ आहे असा चुकीचा निर्वाळा दिला जातो. मशीनच्या आतही खुणा उरतात. लिनक्सच्या कर्नलला आपला प्रोसेसर वीस सेकंदांहून जास्त अडकला असं वाटलं तर तो ‘सॉफ्ट लॉकअप’ची तक्रार लिहितो, आणि डिस्कच्या उत्तराअभावी एखादं काम १२० सेकंदांहून जास्त खोळंबलं तर त्याची वेगळी नोंद करतो. पण आतल्या साक्षीदारावर एका मर्यादेपलीकडे विसंबू नये. थांबलेल्या मशीनचं घड्याळही थांबलेलंच असतं. आपण झोपलो होतो हे त्याला उठल्यावर, बाहेरच्या घड्याळाशी ताडून कळतं.

हे सगळं मान्य केलं तरी कुणी विचारेल की चार-सहा सेकंदांनी असं काय बिघडतं? साध्या कामात खरोखरच फारसं बिघडत नाही. टीसीपी हा नियमसंच चिवट आहे. उत्तर आलं नाही की तो पुन्हा पाठवतो, दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत नेतो, आणि लिनक्सच्या मूळ मांडणीत जुळलेली जोडणी सोडून देण्याआधी साधारण पंधरा मिनिटं वाट पाहतो. फाइल उतरवणाऱ्याला सहा सेकंदांचा थांबा कळतही नाही. बिघडतं ते एकमेकांवर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणांचं. विंडोजच्या फेलओव्हर क्लस्टरमधले सर्व्हर दर सेकंदाला एकमेकांना आपण जिवंत असल्याचा इशारा देतात. २०१२ आर-२ आवृत्तीपर्यंत एकाच सबनेटमध्ये असे पाच इशारे चुकले की समोरचा मेला असं सहसा धरलं जायचं. २०१६ च्या आवृत्तीत ही मर्यादा दहावर नेली. एसक्यूएल सर्व्हरच्या उपलब्धता गटांत दोन प्रतींमधला संवाद तुटला असं मानण्याची मूळ मर्यादा दहा सेकंद आहे. हे आकडे सव्वाचौदा सेकंदांच्या थांब्याशेजारी मांडले की पुढचं आपोआप कळतं. मुख्य सर्व्हर थांबतो, जोडीदार त्याला मृत समजून कारभार हातात घेतो, मुख्य जागा होतो आणि आपला अधिकार गेलेला पाहतो. सकाळी अहवालात ‘नेटवर्कमधील अडथळ्यामुळे फेलओव्हर’ असं लिहिलं जातं, कारण क्लस्टरचं सॉफ्टवेअर स्वतःच तसं लिहितं. त्याच्या जागी बसून पाहिलं तर ते खोटं बोलत नाही. इशारा आला नाही एवढंच त्याला माहीत असतं.

आता सगळ्यांत गंभीर आक्षेप. नेटवर्क खरोखर भरतं, खरोखर कोसळतं, आणि ते बॅकअपच्याच वेळी घडतं. मग थांब्याचा एवढा आग्रह कशाला? हा आक्षेप मी मोडीत काढणार नाही. गिगाबिट जोडणीवरून प्रत्यक्षात सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास डेटा जातो. त्या वेगाने एक टेराबाइट हलवायला साधारण अडीच तास लागतात, आणि तेवढा वेळ ती तार काठोकाठ भरलेली असते. त्याच तारेवरून क्लस्टरचे इशारे जात असतील तर ते रांगेत अडकतात. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्स या प्रणालीच्या क्लस्टरमध्ये इशाऱ्यांचं हे काम कोरोसिंक करतं. इशारे उशिरा पोचून एखादा नोड बहुमतातून बाहेर फेकला गेला आणि त्यावर उच्च उपलब्धतेची मशीन असली, तर साधारण मिनिटभरात तो नोड स्वतःलाच रीबूट करतो आणि त्याच्यावरची सगळी मशीन एकदम जातात. म्हणूनच कोरोसिंकसाठी वेगळं नेटवर्क ठेवा असं प्रॉक्समॉक्सची माहितीपुस्तिका बजावते. इंटेलच्या ई-१०००-ई चालकावर चालणाऱ्या काही नेटवर्क कार्डांची अडचण आणखी निराळी आहे: सलग जड वाहतूक सुरू झाली की कार्डच अडकतं, होस्टच्या लॉगमध्ये ‘हार्डवेअर युनिट हँग’ अशा ओळी पडू लागतात आणि संपूर्ण होस्टचा संपर्क जातो. पॅकेटचे तुकडे पाडण्याचं काम कार्डाकडून काढून प्रोसेसरकडे दिलं की बऱ्याचदा हे थांबतं. ही सगळी नेटवर्कचीच दुखणी आहेत. पण त्यांचा आकार वेगळा असतो. भरलेली तार बॅकअप चालू असेपर्यंत त्रास देते, एका क्षणापुरता नव्हे. अडकलेलं कार्ड त्या होस्टवरच्या प्रत्येक मशीनला घेऊन बुडतं. आपल्या आजाऱ्यासोबत आणखी कोण आजारी पडलं, हा प्रश्न म्हणूनच इतका उपयोगी आहे. तोच होस्ट आणि त्याच होस्टवरचं शेजारचं मशीन एकाच तारेवर असतात. आपलं मशीन गप्प असताना त्या दोघांनी पिंगला उत्तर दिलं असेल तर तार, स्विच आणि कार्ड बहुतेक निर्दोष सुटतात. एकाच स्टोरेजवरची मशीन होस्ट वेगवेगळे असूनही एकदम अडखळली असतील तर बोट स्टोरेजकडे जातं. फक्त एकच मशीन, तेही त्याच्या स्वतःच्या बॅकअपच्या शेवटी, असं चित्र असेल तर तो थांबा आहे.

एक कारण मात्र या दोन्ही बाजूंत बसत नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या मांडणीची कसोटी तिथेच लागते. प्रॉक्समॉक्समध्ये, म्हणजे त्याच्या पोटातल्या क्यूएमूमध्ये, बॅकअप वेगळ्या रीतीने घेतला जातो. तिथे कच्ची फाइल नसते. मशीनने डिस्कच्या एखाद्या भागावर लिहायला घेतलं आणि तो भाग अजून बॅकअपमध्ये गेलेला नसेल, तर आधी जुना मजकूर बॅकअपच्या ठिकाणी पाठवला जातो आणि मगच नवं लिहिण्याची परवानगी मिळते. बॅकअपचा सर्व्हर मंद असेल किंवा त्याच्याकडे जाणारी जोडणी भरलेली असेल, तर चालू मशीनचं लिखाण त्या मंदपणाशी बांधलं जातं. डेटाबेसला डिस्कवर एक ओळ लिहायची आहे आणि ती दुसऱ्या इमारतीतल्या बॅकअप सर्व्हरची वाट पाहत उभी आहे. इथे मूळ कारण नेटवर्क आहे, पण नुकसान होतं ते डिस्क थांबल्यामुळे. मशीन पिंगला उत्तर देत राहतं, कारण पिंगला डिस्क लागत नाही, आणि त्याच वेळी त्याच्यावरची वेबसाइट, मेल, लॉगिन सगळं ठप्प असतं. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या प्रॉक्समॉक्स ८.२ मध्ये यावर ‘फ्लीसिंग’ नावाची सोय आली: जुना मजकूर आधी जवळच्या वेगवान डिस्कवर ठेवायचा आणि तिथून सवडीने बॅकअपकडे न्यायचा. नेटवर्क विरुद्ध थांबा अशी सरळ वाटणी या उदाहरणापुढे टिकत नाही, हे मान्य करायला हवं. टिकते ती तपासाची रीत. पिंग चालू आणि सेवा बंद, त्रास बॅकअपभर पसरलेला, दोष त्या एकाच मशीनपुरता: या तीन खुणा एकत्र आल्या की तार आणि थांबा दोन्ही बाजूला पडतात आणि बांधलेलं लिखाण हाती लागतं.

बॅकअप घेऊन झाल्यावर मशीन गायब होण्याचं एक कारण मात्र निव्वळ नेटवर्कचं असतं, आणि ते सहज सुटून जातं. घेतलेला बॅकअप खरंच चालतो का, हे पाहण्यासाठी काही ठिकाणी रात्रीच त्यातून मशीन उभं करून तपासलं जातं. हे तपासणं उत्तमच. पण ते मशीन वेगळ्या, बंदिस्त नेटवर्कमध्ये उभं केलं नाही तर मूळ मशीनचाच आयपी पत्ता आणि मॅक पत्ता घेऊन दुसरं मशीन त्याच नेटवर्कवर उगवतं. स्विचला कळत नाही की हा पत्ता कुठल्या पोर्टवर आहे. पॅकेट कधी इकडे जातात, कधी तिकडे. स्विचच्या लॉगमध्ये एकच मॅक पत्ता दोन पोर्टांवर आलटून पालटून दिसू लागला की हेच घडतंय असं समजावं.

खुणा वाचून संशय पक्का झाला तरी तो प्रयोगाने सिद्ध करता येतो, आणि बहुतेक ठिकाणी नेमकी हीच पायरी वगळली जाते. दोन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहायच्या. पूर्वसूचना देऊन, कमी वर्दळीच्या वेळी, बॅकअप न चालवता नुसता स्नॅपशॉट घ्यायचा, मशीनला त्याचं नेहमीचं काम तासभर करू द्यायचं आणि मग स्नॅपशॉट काढून टाकायचा. नेटवर्कवरून बॅकअपचा एक बाइटही गेलेला नाही. तरी संपर्क गेला तर नेटवर्कवरचा आरोप मागे घ्यावा लागेल. मग उलट करायचं: स्नॅपशॉट न घेता आयपर्फसारख्या साधनाने होस्टपासून बॅकअप सर्व्हरपर्यंतची तार बॅकअपइतकी भरायची. आता संपर्क गेला तर दोष तारेचा किंवा कार्डाचा. दोन्ही वेळा पिंग एका तिसऱ्या, खऱ्या मशीनवरून चालवायचा, प्रत्येक ओळीला वेळ छापायची, आणि होस्ट, स्टोरेज, स्विच, बॅकअप सर्व्हर सगळ्यांची घड्याळं एनटीपीने आधी जुळवून घ्यायची. घड्याळं तीन मिनिटांनी मागेपुढे असतील तर दोन वाजून सतरा मिनिटांच्या थांब्याचा आरोप दोन-वीसला सुरू होणाऱ्या एखाद्या निष्पाप कामावर जातो.

उपायांविषयी तीन सोपी उत्तरं नेहमी पुढे येतात. पहिलं म्हणजे क्लस्टरच्या मर्यादा वाढवा. मर्यादा पाचवरून दहावर नेण्यात गैर काही नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतः तेच केलं. पण सेकंद तीसपर्यंत ताणले तर खरोखर मेलेल्या सर्व्हरची जागा घ्यायलाही तेवढाच उशीर होतो, आणि क्लस्टर ज्यासाठी बांधला ते कामच ढिलं पडतं. दुसरं उत्तर म्हणजे स्नॅपशॉट सोडा, मशीनच्या आत एजंट बसवून बॅकअप घ्या. जोरात लिहिणाऱ्या मोठ्या डेटाबेससाठी हे मला पटतं, किंबहुना तिथे डेटाबेसचा स्वतःचा बॅकअपच उत्तम. पण शंभर मशीनमध्ये शंभर एजंट सांभाळणं, ते अद्ययावत ठेवणं आणि गरज पडेल तेव्हा संपूर्ण मशीन मिनिटांत उभं करता न येणं ही त्याची किंमत आहे. सरसकट तो मार्ग धरण्याचं कारण नाही. तिसरं उत्तर म्हणजे वेळ आणखी रात्रीची करा, तेव्हा कुणी नसतं. हे गृहीतकच जुनं झालं. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे. पहाटे दोनला बँकेचा सर्व्हर रिकामा नसतो. आणि न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यातले रात्रीचे दोन वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे साडेअकरा झालेले असतात, न्यूयॉर्कमधल्या सर्व्हरवर पुण्यातून काम करणारी माणसं तेव्हा भर कामात असतात.

चालणारे उपाय छोटे आणि कारणाला चिकटून असतात. क्लस्टरच्या दोन्ही सर्व्हरचा बॅकअप एकाच वेळी सुरू करू नये, आणि शक्य असेल तिथे तो मुख्य नसलेल्या प्रतीवरून घ्यावा. एका स्टोरेजवरची वीस मशीन एकदम स्नॅपशॉटमध्ये ढकलण्याऐवजी तीन-चारच्या टोळ्यांनी घ्यावीत, म्हणजे मिसळणीच्या वेळी स्टोरेजला श्वास घ्यायला जागा राहते. तार भरत असेल तर बॅकअपच्या वेगाला मर्यादा घालावी. प्रॉक्समॉक्समध्ये ती एका ओळीत घालता येते. डेटाबेसचं रात्रीचं जड काम, निर्देशांक नव्याने बांधणं वगैरे, बॅकअपच्या वेळेतून बाहेर काढावं, कारण कच्च्या फाइलीची जाडी त्याच कामावर ठरते. आणि बॅकअप अर्धवट मोडल्यावर मागे राहिलेले स्नॅपशॉट रोज सकाळी शोधावेत. व्हीएमवेअर कुठलाही स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका असं सांगते. विसरलेला स्नॅपशॉट आठवडाभर फुगत राहतो, आणि एखाद्या रात्री पुढचा बॅकअप त्याला मिसळायला घेतो तेव्हा नेहमीचा दोन सेकंदांचा थांबा अचानक लांबतो. त्याआधी स्टोरेजच भरलं तर त्यावरची ज्या ज्या मशीनना जागा हवी ती सगळी जिथल्या तिथे उभी राहतात, आणि मग त्यांना चालू करायला आधी कुठून तरी जागा मोकळी करावी लागते.